ड्रमशिवायचा ठेका

1934 साली पॅरिसच्या क्लॅरिज हॉटेलात दुपारच्या चहाला येणाऱ्या श्रीमंत मंडळींना नाचता यावं म्हणून एक बँड ठेवलेला होता. बासवादक लुई व्होला त्याचा म्होरक्या. मधल्या सुट्टीत व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली पडद्यामागे नवी तार चढवून सुरात लावत होता, तेव्हा बँडमधल्या जँगो राइनहार्टनं गिटारवर त्याला साथ द्यायला सुरुवात केली. दोघांना गोडी लागली. मग दुसरा गिटारवादक रॉजे शापु आणि खुद्द व्होला येऊन मिळाले. त्या प्रसिद्ध पंचकाच्या जन्माची कथा अशी सांगतात. तिचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. जँगोनं म्हणे कुरकुर केली, की ग्रापेली वाजवतो तेव्हा त्याच्यामागे दोन गिटारी असतात आणि आपण सोलो घेतो तेव्हा मागे एकच उरते. हा अन्याय दूर करायला जँगोचा धाकटा भाऊ जोसेफ याला बोलावलं गेलं आणि चाराचे पाच झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांच्या पहिल्या रेकॉर्डस् निघाल्या आणि हॉट क्लब द फ्राँसचं पंचक हे नाव जगापुढे आलं.

युरोपनं जॅझला दिलेला सर्वांत मोठा सोलोवादक, आणि त्याची मागणी काय, तर पाठीशी आणखी एक रिदम गिटार हवी! या पंचकाची शैली, म्हणजे जिप्सी जॅझ, शिकायला निघालेल्या माणसानं हे ध्यानात ठेवावं. आज उलटं होतं. जँगोचे सोलो कागदावर उतरवलेले सहज मिळतात, ते संथ करून ऐकायची सोय मोबाइलमध्येच असते, आणि मुलं-मुली पहिल्या महिन्यातच 'मायनर स्विंग'मधले झरझर उतरणारे अर्पेजिओ घोटायला बसतात. साथ काय, येईल की मागाहून! ती येत नाही. चार वर्षांनी असा वादक एखाद्या मैफलीत बसतो, सोलो बरा घेतो, आणि दुसऱ्याची पाळी आली की त्याच्या हातून जे निघतं त्याला स्ट्रमिंगखेरीज दुसरं नाव देता येत नाही.

फ्रान्स, बेल्जियम, हॉलंड, जर्मनीतल्या मानूश आणि सिंती या रोमा (जिप्सी) कुटुंबांमध्ये हे शिक्षण दुसऱ्या क्रमानं होतं. पोराच्या हाती गिटार आली की त्याला बाप, काका, मोठा चुलतभाऊ यांच्या मागे बसून साथ करायची असते, आणि ती वर्षानुवर्षं करायची असते. कागद नाही, स्वरलिपी नाही. जँगोलाही नोटेशन वाचता येत नव्हतं. कॉर्ड समोरच्याच्या डाव्या हाताकडे बघून उचलायची आणि ठेका कानानं. या काळात गाण्यांचे साचे अंगात मुरतात. म्हणजे कुठल्या बारला कॉर्ड बदलते, दुसऱ्या भागात गाणं कुठे वळतं, शेवटच्या चार बारमध्ये परतीची वाट कोणती, हे सगळं. सोलोला लागणारं निम्मं ज्ञान साथीतच येऊन गेलेलं असतं. रिदम गिटारवरच्या या पुस्तकानं तोच क्रम धरला आहे आणि सोलोचं एकही प्रकरण दिलेलं नाही, म्हणूनच मी प्रस्तावना लिहायला तयार झालो.

या साथीला फ्रेंचमध्ये 'ला पाँप' म्हणतात, म्हणजे पंप. स्ट्राइड पियानोच्या डाव्या हातालाही तिकडे हाच शब्द लावतात; खाली बास, वर कॉर्ड, खाली बास, वर कॉर्ड अशी ती ये-जा. पंचकात ड्रम नव्हते, पियानो नव्हता, तुतारी-सॅक्सोफोन नव्हते. पाचही वाद्यं तारांची. त्यामुळे ड्रमवाल्याचा पाय आणि त्याची हाय-हॅट ही दोन्ही कामं रिदम गिटारींकडे आली. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर जाड तारांकडे झुकणारा, थोडा भरीव आवाज. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर सगळ्या तारांवरून गेलेला, कोरडा आणि लगेच तोडलेला आवाज. बास सहसा पहिल्या-तिसऱ्यावर चालतो, म्हणून गिटारचं खरं वजन दुसऱ्या-चौथ्यावर.

आपल्याकडच्या विद्यार्थ्याची पहिली अडचण इथेच येते. आपला कान समेवर वाढलेला. केहरवा असो की भजनी, हाताचं वजन पहिल्या मात्रेवर पडतं आणि टाळीही तिथेच पडते. दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर टाळी वाजवायला सांगितलं की बरेच जण चार बारनंतर नकळत घसरून पुन्हा एक-तीनवर येतात. त्यावर उपाय जुना आणि कंटाळवाणा आहे. मेट्रोनोम निम्म्या गतीवर लावायचा आणि त्याची प्रत्येक टिक दुसरी किंवा चौथी मात्रा आहे असं धरून वाजवायचं. पहिल्या आठवड्यात टिक आपल्याला फसवते आहे असं वाटत राहतं. गिटार हातात न घेता, नुसतं चालता चालता हे केलं तरी चालतं. किंबहुना तेच आधी करावं.

दुसरी अडचण डाव्या हाताची. हा भाग लेखकानं सविस्तर लिहिला आहे आणि तो घाईनं वाचू नये. ठेका उजव्या हातात असतो असा समज सर्वत्र आहे. उजवा हात आवाज सुरू करतो. आवाज किती वेळ टिकणार हे डावा ठरवतो, आणि ला पाँपचं सगळं स्विंग त्या टिकण्याच्या लांबीत आहे. कॉर्ड दाबायची, वाजवायची, आणि बोटं तारांवरून न उचलता फक्त दाब काढून घ्यायचा. बोटं तारेला चिकटलेली, पण तार फ्रेटला चिकटलेली नाही, अशा अवस्थेत आवाज तिथल्या तिथे मरतो. बोटं पूर्ण उचलली तर मोकळ्या तारा किणकिणतात. दाब उशिरा काढला तर दुसरी मात्रा तिसरीत सांडते आणि सगळं चिखलासारखं होतं. फार लवकर काढला तर नुसती खटखट ऐकू येते, कॉर्ड कोणती होती ते कळत नाही. या दोन टोकांमधली जागा प्रत्येक टेम्पोला वेगळी असते. मिनिटाला 120 ठोक्यांच्या गतीत दुसरी मात्रा किती लांब ठेवायची आणि 240 ला किती, हे कुठलंही पुस्तक सांगू शकत नाही. हेही सांगत नाही. फक्त काय ऐकायचं ते सांगतं.

यातूनच कॉर्डचे आकारही ठरतात. कॅम्पफायरच्या गाण्यांतल्या मोकळ्या तारांच्या सी, जी, डी इथे निरुपयोगी आहेत, कारण मोकळी तार डाव्या हाताला बंद करता येत नाही. प्रत्येक वाजणारी तार बोटाखाली हवी आणि न वाजणारी कुठल्या तरी बोटाच्या कडेनं गप्प केलेली हवी. पुस्तकातला पहिला आकार ए मायनर सिक्सचा आहे. सहाव्या तारेवर पाचव्या फ्रेटला मधलं बोट, चौथ्या तारेवर चौथ्या फ्रेटला तर्जनी, तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला उरलेली दोन. पाचवी आणि पहिली तार मुकी. आता बाकी काही न हलवता फक्त मधलं बोट सहाव्या तारेवरून पाचव्या तारेच्या त्याच फ्रेटवर आणा. डी नाइन्थ झाली. एक बोट एक तार सरकलं आणि गाणं पुढच्या कॉर्डवर गेलं, उरलेली तीन बोटं जागची हलली नाहीत. जलद लयीत साथ करणारा दमत का नाही, याचं निम्मं उत्तर अशा काटकसरीत आहे. तोच आकार दोन फ्रेट वर नेला की ई नाइन्थ, म्हणजे ए मायनरकडे परत यायची वाट तयार. 1937 साली जँगो-ग्रापेलींनी रेकॉर्ड केलेलं 'मायनर स्विंग' मुख्यतः ए मायनर, डी मायनर आणि ई सेव्हन्थ यांवर उभं आहे. तीन कॉर्डमध्ये आयुष्यभराची साथ शिकता येते ती अशी.

मेजर कॉर्डला सहावा स्वर जोडायचा, मायनरलाही सहावाच, हा या शैलीचा सर्वसाधारण शिरस्ता. त्या सहाव्या स्वरामुळे मायनर कॉर्डला एक आंबटगोड धार येते. पुष्कळ लोक याचं कारण जँगोच्या भाजलेल्या हातात शोधतात. 1928 च्या नोव्हेंबरात सँत-ऊआँमधल्या त्याच्या कारवाँला आग लागली. बायको विकण्यासाठी सेल्युलॉइडची फुलं बनवत असे, ती पेटली. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी कायमची आखडली, पायालाही इजा झाली आणि बरं व्हायला दीडेक वर्ष लागलं. दवाखान्यात त्याला गिटार आणून देणारा भाऊ जोसेफच. सोलो तो पुढे मुख्यतः दोन बोटांनी वाजवत असे आणि आखडलेली बोटं कॉर्डमध्ये जमेल तशी टेकवत असे. या अपघातानं त्याच्या बोटांच्या वाटा बदलल्या हे खरं. पण सहाव्या स्वराच्या कॉर्ड तेव्हाच्या अमेरिकन स्विंगमध्येही सर्रास होत्या, आणि जोसेफची दहाही बोटं धड होती. शिकणाऱ्यानं दोन बोटांनी वाजवण्याचा हट्ट धरू नये. अंगठा मानेवरून वळवून सहावी तार दाबायची सवय मात्र जरूर लावावी. मानूश वादक ते सर्रास करतात आणि काही आकार त्याशिवाय जमत नाहीत.

आता अपस्ट्रोक. या विषयावर जितके वाद झडतात तितके दुसऱ्या कशावरही नाहीत. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेच्या अगदी तोंडाशी पिक खालून वर झटकन जातो आणि त्याच दमात खाली येऊन मात्रा वाजवतो. वर आणि खाली यांतलं अंतर इतकं कमी की कागदावर लिहायला गेलं तर खोटंच होतं. आठव्या भागाचा म्हणावा तर फार लांब, सोळाव्याचा म्हणावा तरी नेमका नाही. तीसच्या दशकातल्या रेकॉर्डस्‌वर तो जाड आणि घसटता ऐकू येतो. आजच्या वादकांपैकी काहींच्या हातून तो जेमतेम जाणवतो, काही जण जलद लयीत तो सरळ गाळतात. माझं मत विचाराल तर पहिले काही महिने अपस्ट्रोक वाजवूच नये. नुसत्या चार डाउनस्ट्रोकवर, डाव्या हाताच्या दाबानं स्विंग येत नसेल तर वरून अपस्ट्रोक पेरल्यानं ते येत नाही, उलट गचके बसतात. लेखकानं तो तिसऱ्या प्रकरणातच आणला आहे. मी सातव्यात आणला असता. वाचकानं हवा तो शहाणपणा निवडावा.

उजव्या हाताबद्दल मोजकंच सांगतो. मनगट गिटारवर टेकवायचं नाही. कोपरापासून पुढचा हात मोकळा आणि मनगट असं सैल, जसं हात धुतल्यावर रुमाल न सापडल्यानं आपण पाणी झटकतो. पिक जाड हवा, अडीच-तीन मिलिमीटरच्या पुढे. पातळ पिक तारांवर फडफडतो आणि चौथ्या मात्रेची धार जाते. जोर लावून आवाज काढू नये. हाताच्या वजनानं निघेल तेवढा पुरतो.

तो पुरतो याचं श्रेय वाद्यालाही आहे. इटालियन गिटारवादक आणि कारागीर मारियो माकाफेरी यानं 1932 साली पॅरिसच्या सेल्मर कंपनीसाठी एक गिटार घडवली. ही कंपनी क्लॅरिनेट-सॅक्सोफोनसाठी नावाजलेली. मॅण्डोलिनसारखी शेपटी, वर नुसता टेकवलेला ब्रिज, सुरुवातीला इंग्रजी डीच्या आकाराचं मोठं तोंड आणि पुढे लहान लंबगोल तोंड. माकाफेरी दोनेक वर्षांत कंपनीतून बाहेर पडला, पण 1952 पर्यंत सेल्मरनं अशा सुमारे हजार गिटारी बनवल्या. त्यांतली 503 क्रमांकाची जँगोची गिटार आज पॅरिसच्या संगीत संग्रहालयात आहे. या गिटारीचा आवाज तीक्ष्ण निघतो आणि पटकन विरतो. गोंगाटाच्या नाचघरात माइकशिवाय ऐकू जावा म्हणून तो तसा. पण भारतात त्या घाटाची गिटार मिळवण्यासाठी शिकणं थांबवू नका. घरातली स्टीलच्या तारांची कुठलीही अकुस्टिक चालेल. तारा तेवढ्या हलक्या लावा, दहा किंवा अकराच्या. क्लासिकल गिटारच्या नायलॉन तारांवर मात्र हा ठेका बसत नाही.

मानूश-सिंतींची रोमानी भाषा भारतीय-आर्य कुळातली आणि या लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारताच्या वायव्येकडून निघालेले. तोनी गातलिफचा 'लाचो द्रोम' हा 1993 चा चित्रपट राजस्थानात सुरू होतो तो त्यामुळेच. आपल्याला याचा आनंद वाटणं साहजिक आहे, पण तो धागा पकडून ला पाँपमध्ये तबला शोधायला जाऊ नये. हा ठेका पॅरिसचा आहे. जँगो पोरवयात बँजो-गिटार घेऊन तिथल्या नाचघरांत अकॉर्डियनवाल्यांच्या मागे वॉल्ट्झची साथ करायचा; 1928 सालच्या त्याच्या पहिल्या रेकॉर्डस् तशाच साथीच्या आहेत. त्या वॉल्ट्झच्या हातावर लुई आर्मस्ट्राँगच्या अमेरिकन रेकॉर्डस् येऊन पडल्या आणि हे रसायन झालं. म्हणून या पुस्तकात वॉल्ट्झच्या ठेक्याला दिलेली जागा शोभेची नाही. तीन मात्रांची साथ आली की चार मात्रांची सुधारते, असा माझाही अनुभव आहे.

युद्धानं पंचक मोडलं. 1939 च्या सप्टेंबरात ते लंडनच्या दौऱ्यावर असताना युद्ध जाहीर झालं. जँगो पॅरिसला परतला, ग्रापेली इंग्लंडातच राहिला. व्हायोलिनच्या जागी क्लॅरिनेट आलं, ड्रम आले आणि एका रिदम गिटारवर भागू लागलं. 'न्वाज' हे जँगोचं सर्वांत गाजलेलं गाणं 1940 साली अशाच संचात रेकॉर्ड झालं. त्याच वर्षांत नाझींनी युरोपभरातल्या रोमा आणि सिंती लोकांना छळछावण्यांत आणि बाहेर मारलं. अभ्यासकांचे अंदाज दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत जातात. जँगो वाचला. हा ठेका पुढे कुटुंबांच्या छावण्यांत, बापाकडून मुलाकडे गेला म्हणताना कुणाच्या तावडीतून वाचलेली ही कुटुंबं होती ते विसरता येत नाही.

जँगो 1953 साली गेला, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. शेवटची वर्षं त्यानं सेन नदीकाठच्या साम्वा गावात काढली, आणि पुढे तिथेच त्याच्या नावाचा महोत्सव भरू लागला. त्याच्या मागे बसणाऱ्यांची नावं मात्र रसिकांना पाठ नसतात. जोसेफ राइनहार्ट, रॉजे शापु, चुलतभाऊ युजेन व्हेस, आणि 'बारो' म्हणून ओळखला जाणारा पिएर फेरे. बारो स्वतः अस्सल सोलोवादक होता, त्याच्या वॉल्ट्झ रचना आजही वाजवल्या जातात, आणि तरी जँगोच्या मागे तो निमूट चार मात्रा देत बसे. 1939 साली जँगोनं 'आय विल सी यू इन माय ड्रीम्स' फक्त बारोची गिटार आणि एमान्युएल सूदिएचा बास घेऊन रेकॉर्ड केलं. साथ ऐकण्यासाठी याहून स्वच्छ जागा नाही, कारण दोन-तीन गिटारींची दाटी तिथे नाही. आजच्या पिढीतल्या ओनो विंटरस्टाइन आणि नूश रोझेनबर्ग यांची साथही अशीच ऐकावी. त्यांच्यापुढचा सोलोवादक बिरेली लाग्रेन किंवा स्तोखेलो रोझेनबर्ग काय वाजवतो याकडे काही काळ दुर्लक्ष करून फक्त मागच्या गिटारकडे कान लावणं कठीण जातं, पण तो रियाजच आहे.

त्या ऐकण्यात आवाजाचे चढ-उतार पाहा. व्हायोलिन वाजतं तेव्हा रिदम थोडी पुढे येते, गिटारचा सोलो सुरू झाला की निम्म्यावर येते, पण ठेक्याची धार तीच राहते. हळू वाजवताना लय न सोडणं हे जोरात वाजवण्यापेक्षा अवघड आहे. विलंबित ख्यालामागे ठेका धरणारा तबलजी हे ओळखून असतो.

मुंबईतही जॅझ तीसच्या दशकात रुजू लागला. 1935 साली ताजमध्ये लिऑन ॲबीचा बँड वाजू लागला, मग गोव्याच्या वादकांनी ते संगीत आपलंसं केलं, आणि चिक चॉकलेटसारख्या ट्रम्पेटवाल्याच्या हातून ते सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'पर्यंत पोचलं. म्हणजे मराठी कानाला स्विंग परका नाही. आजी-आजोबांच्या रेडिओवरून तो घरात येऊन गेला आहे. पण तो पितळी वाद्यांचा आणि ड्रमचा स्विंग होता. नुसत्या तारांवर तोच झोका कसा आणायचा, हे मराठीत कुणी नीट लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही.

पुस्तक वापरण्याबद्दल दोन गोष्टी. एकट्यानं सराव करताना स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा आणि त्यावर गुणगुणून पाहा. गुणगुणताना अडखळलात तर साथ अडखळते आहे. आणि शक्य तितक्या लवकर दुसरा शिकणारा गाठा. दोघांनी समोरासमोर बसून एकच कॉर्ड पाच मिनिटं वाजवायची, दोन गिटारी एक ऐकू येईपर्यंत. एकाचा दुसरा ठोका दुसऱ्यापेक्षा लांब निघत असेल तर कोणी कमी करायचं यावरून वाद होईल, तो होऊ द्या. कॉर्ड बदलायची घाई नको. पहिल्या प्रकरणात म्हणूनच ए मायनर सिक्सखेरीज दुसरी कॉर्ड दिलेली नाही.